मुंगी घाटातली कावड

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या दिवशी केलेलं बोलणं. बोललो तसंच लिहून घेतलं आहे.)



 आम्हाला चालकांनी सांगितलं, बुवा, तुम्ही श्रद्धा आणि चिकाटी ह्या विषयावर बोला. आता आमचं शिक्षण चौथी. आयुष्य गेलं औताच्या मागं आणि दिंडीच्या ओळीत. ह्या विषयावर शास्त्राला धरून बोलायला आमच्यापेक्षा अधिकारी माणसं इथं बसली आहेत. म्हणून आम्ही ठरवलं, आपण पाहिलंय तेवढंच सांगावं. आणि आम्ही पाहिलंय ते एका जत्रेत पाहिलंय.

पण त्याच्या आधी एक गोष्ट. परवा पारावर एका तरुण पोरानं आम्हाला विचारलं, "बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणताय, पण २०२० आणि २०२१ ला तर दिंडी गेलीच नाही. मग अठ्ठ्याण्णव झाली का शंभर?" पोरगं हुशार आहे, चेष्टेनं विचारलं नाही त्यानं. आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप आली नाही. त्या पोराला उत्तर द्यायचं राहिलंय, ते आज देतो.

आता जत्रा म्हणाल तर शिखर शिंगणापूरची. चैत्रातली. शंभू महादेवाची. कुणी म्हणेल, वारकऱ्याच्या सप्ताहात महादेवाची जत्रा कशाला? माउली, आपल्या पांडुरंगानं महादेवाला डोक्यावर घेतलंय अशी आपल्या संप्रदायाची भावना आहे. नरहरी सोनारांची कथा तुम्ही कीर्तनात शंभर वेळा ऐकली असेल. डोळ्याला पट्टी बांधून विठ्ठलाच्या कमरेचं माप घ्यायला गेले आणि हाताला महादेव लागला. पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. तेव्हा हा वाद मिटलेला आहे, आपण पुन्हा काढायला नको. आपल्या गावात तर एकाच घरात चैत्राला कावड आणि आषाढाला पताका, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

आम्ही आठ वर्षांचे होतो. म्हणजे १९६८ साल. त्या काळात पोराला वर्षात नवं कापड एकदाच मिळायचं, तेही जत्रेला. खळं झालेलं असायचं, हातात चार पैसे असले तर तेव्हाच. आठ दिवस आधीपासून आम्ही पोरं बैलांची शिंगं रंगवायचो, गाडीच्या चाकाला वंगण घालायचो. आईनं भाकरी, लसणाची चटणी आणि गुळाच्या पोळ्या फडक्यात बांधल्या. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते गावच्या कावडीबरोबर पायी पुढं गेले होते. कावड म्हणजे काय ते नव्या पोरांना सांगतो. मोठा वासा, त्याला दोन्ही बाजूंनी पाण्यानं भरलेली तांब्याची भांडी आणि वर ध्वज. त्या पाण्यानं देवाला आंघोळ घालायची. मानाची कावड सासवडची, तेल्या भुतोजीबुवांची, कऱ्हेचं पाणी घेऊन येती. तिच्यासारख्या गावोगावच्या कितीतरी कावडी. आणि ह्या कावडी सरळ रस्त्यानं जात नाहीत. चैत्र शुद्ध द्वादशीला त्या मुंगी घाटानं वर चढतात.

मुंगी घाट ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. ज्यानं पाहिला नाही त्यानं एवढंच समजावं की तिथं वाट नाही, कडा आहे. सुटे दगड, वर ऊन, आणि खांद्यावर ते ओझं. दोर नाही, काही नाही. माणसाला माणूस धरून साखळी करायची आणि कावड हातोहात वर न्यायची. ओरडायचं काय, तर "म्हाद्या धाव!" देवाला अहो-जाहो नाही. बांधावरच्या गड्याला हाक मारावी तशी हाक. आम्हाला ती हाक फार आवडती. संकटात माणूस देवाला अरे-तुरे करतो, कारण तेव्हा तो लांबचा राहत नाही.

तर आम्ही आज्ज्याबरोबर गाडीनं, दुसऱ्या वाटेनं सकाळीच वर गेलो. निघताना आईनं आमच्या सदऱ्याच्या टोकाला चार आणे बांधले. म्हणाली, "ह्याचा कापूर आन् बत्तासं घे. देवाम्होरं ठेव. आन् म्हण, आमच्या आबाला घाट नीट चढू दे." आबांच्या छातीत त्या साली दुखायचं. डॉक्टरला दाखवायला पैसा नव्हता. म्हणून ते चार आणे देवाला.

आणि माउली, वर गेलो तर जत्रा! गावात दहा माणसं एका ठिकाणी बघायची सवय, तिथं डोकी मोजता येईनात. शेव-रेवडीची पालं, गुलालाचे ढीग, कासारणी बांगड्या भरतायत, कुणी डोळा लावून डब्यातली चित्रं बघतंय. एका बाजूला ढोल, एका बाजूला सनई. उंचच उंच काठ्या नाचत येतायत. आणि एका कडेला लाकडी पाळणा. चार खोकी, दोन माणसं हातानं फिरवणार. तो कुरकुर वाजत वर गेला की पोरं किंचाळायची. आम्ही आज्ज्याचा हात सोडून तिथं उभे राहिलो. पाळण्याला पाच पैसे. एकदा बसलो. वरनं मालोजीराजांनी बांधलेलं तळं दिसलं, देवळाचं शिखर दिसलं, आणि असं वाटलं की आपण देवापेक्षा उंच गेलो. पुन्हा बसलो. तिसऱ्यांदा बसलो. राहिलेल्या पैशाची पिपाणी घेतली. चार आणे संपले. कापूर नाही, बत्तासे नाहीत. देवाचं दर्शनही नुसतं लांबून केलं, कारण मोकळ्या हातानं जवळ जायची भीती वाटली.

दुपारच्याला आज्जा आम्हाला घाटाच्या तोंडाला घेऊन गेला. डोंगराच्या कडेला माणसंच माणसं. खाली वाकून बघितलं तर मुंग्यांची रांग लागावी तशी माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर एक-एक कावड हलतीय. आज्ज्यानं बोट दाखवलं, "त्यो बघ, आपला ध्वज. कावडीच्या उजव्या अंगाला तुझा बा."

आम्ही बघतोय, आणि बघता बघता एका दगडावरनं आबांचा पाय सुटला. दगड खाली गेला. कावड एका अंगाला कलली. वरच्या सगळ्या लोकांच्या तोंडातनं एकच आवाज निघाला. आमच्या हातात पिपाणी होती. ती गळून पडली. आमच्या मनात एकच आलं, चार आणे. आपण चार आणे खाल्ले म्हणून आता आपला आबा जाणार.

पण आबा गेले नाहीत. खालच्या माणसानं आपला खांदा त्यांच्या पायाखाली दिला. आबांचा पाय त्याच्या खांद्यावर, त्याचा पाय आणखी कुणाच्या मांडीवर. अशी ती साखळी तिथंच थांबली. किती वेळ थांबली सांगता येणार नाही, आम्हाला तो वेळ फार वाटला. पुढं सरकली नाही. पण एक सांगतो, खालीही आली नाही. पाणी थोडं सांडलं असेल. मग कुणीतरी हाक दिली, "म्हाद्या धाव!" आणि कावड पुन्हा हलली. दिवस कलताना वर आली.

रात्री गाडीखाली झोपलो होतो. आम्हाला रडू आवरेना. आबांना सगळं सांगितलं. वाटलं मार मिळणार. आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लेकरा, चार आण्यांसाठी माणसाला कड्यावरनं ढकलून द्यायला द्येव काय सावकार हाय व्हय? पर आयनं एक काम सांगितलं हुतं, ते तू केलं न्हाईस. ते तिला सांगायचं." आणि मग म्हणाले, "पाळणा कसा हुता?" आम्ही म्हणालो, "लई उंच." आबा हसले.

आम्ही विचारलं, "आबा, तुमच्या पायाखाली खांदा कुणाचा हुता?" ते म्हणाले, "काय ठावं. माघारी वळून बघायला जागा कुठं हुती?"

आबांना त्या माणसाचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आज इतकी वर्षं झाली, आम्ही कीर्तनात सांगत असतो, श्रद्धा म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. खाली कुणीतरी खांदा देणार आहे हे धरून पाय वर टाकणं, आणि वरच्याचा पाय सुटला तर आपला खांदा द्यायला तयार राहणं, ह्या दोन्ही गोष्टी मिळून श्रद्धा. एकटी पहिली गोष्ट असली तर तो फुकटेपणा होतो.

आता दिंडीचं सांगतो. आमची चौथी झाली. पाचवीला लांबच्या गावाला जावं लागे, ते लांबतच गेलं, आणि तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ आला. म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल. विहिरी आटल्या, बैल विकले, गावंच्या गावं खडी फोडायला गेली. आमची आई, आबा आणि बारा वर्षांचे आम्ही, तिघंही खडीवर. खायला मिलो, तांबडी ज्वारी, आणि पोरांना सुकडी. अशात १९७३ ची आषाढी आली. गावात बैठक बसली, औंदा दिंडी न्यायची का नाही? शिधा नाही, गाडीला बैल नाहीत. निम्मं गाव म्हणालं, एक वर्ष राहू द्या, पांडुरंग काय रागावत नाही. ते काही खोटं नव्हतं. पण त्या वेळचे विणेकरी उठले आणि म्हणाले, "ज्याला यायचं त्यानं या. न्हाय आलं तर मी एकला जातो. ईणा काय लई जड नसतो."

अकरा माणसं निघाली. त्यात आम्ही एक. आता खरं सांगायचं तर आम्ही भक्तीनं गेलो नव्हतो. घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून आबांनी आम्हाला बरोबर घेतलं होतं. दिवे घाट चढताना पोटात काही नव्हतं. पण वाटेवरच्या गावातली, आपल्यासारखीच दुष्काळातली माणसं अर्धी अर्धी भाकरी घेऊन उभी असायची. अर्धी, कारण उरलेली अर्धी त्यांच्या पोरांची होती. नीरा ओलांडली, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या हातात कुणीतरी टाळ दिला. आमची सुटलेली शाळा तिथं पुन्हा भरली. मुक्कामाला कंदिलाच्या उजेडात एक म्हातारबुवा बोट ठेवून हरिपाठ वाचायला लावायचे. चौथीच्या जोडाक्षरांचा तेवढाच उपयोग झाला, पण पुरेसा झाला. आज चार लोकांपुढं उभं राहतो ते त्या कंदिलामुळं.

इथपर्यंतचं आम्ही नेहमी सांगतो. पुढचं कधी सांगितलं नाही. आज सांगतो, कारण शंभर वर्षांचा हिशोब मांडायचा म्हटल्यावर तोटाही मांडला पाहिजे.

आमचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला. खाली कालव्याचं पाणी दिसतं, पण रानात येत नाही. कर्ज काढून डाळिंबाची बाग लावली होती. २०१२ ला पाऊस गेला. बोअर घेतली, चारशे फुटाला नुसता फुफाटा. दुसरी घेतली, तीच गत. टँकरनं पाणी घालून बाग जगवली, फुलं आली, आणि पैसे संपले. जनावरं छावणीला नेऊन बांधली. शेवटी ती बाग आम्ही आमच्या हातानं कुऱ्हाड घेऊन तोडली. त्या दिवशी घरी आलो आणि टाळ खुंटीला अडकवला. कीर्तनाच्या तारखा आल्या, नाही म्हणून सांगितलं. मनात एकच, आम्ही चाळीस वर्षं तुझ्या दारात पायी आलो आणि तू आमच्या दारात एक सर पाठवली नाहीस. त्या साली वारीला गेलो नाही. पुढच्या सालीही नाही. लोकांना सांगितलं गुडघा दुखतो. गुडघा दुखत नव्हता, माउली. लोकांना श्रद्धा सांगणारा हा कीर्तनकार दोन वर्षं पांडुरंगावर रुसून बसला होता.

आमच्या मंडळी मात्र गेल्या. दोन्ही वर्षं, आपली तुळस घेऊन. दुसऱ्या वर्षी परत आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "एक इचारू का? समाज आरतीला चोपदार दंड वर करत्यात, समद्या दिंड्या गप होत्यात. पर ज्या दिंडीची तक्रार असती ती काय करती?" आम्ही म्हणालो, "टाळ वाजवत राहते." "मंग चोपदार तिच्याकडं जात्यात, तक्रार ऐकून घेत्यात. व्हय ना? तुमची तक्रार हाय देवावर, माझं काय म्हणणं न्हाय. पर तुमी तर टाळच खुंटीला लावला. मंग त्यानं यायचं कुणाकडं?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. इतकी वर्षं समाज आरतीला उभे राहिलो, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं. आपल्या सोहळ्यात तक्रारीला बंदी नाही. तक्रार असली तर टाळ वाजवायचा, जास्त वाजवायचा. गप्प बसणं तेवढं चालत नाही.

२०१४ ला आम्ही आळंदीला गेलो. मान वर होत नव्हती. वाटलं, मागं कुठंतरी शेवटाला उभं राहावं. दिंडी लागली, आम्ही शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहिलो. तेवढ्यात एक म्हातारे टाळकरी मागं आले, आज ते हयात नाहीत, आणि म्हणाले, "माउली, हितं कुठं? तुमची जागा पुढं हाय." पुढं जाऊन बघतो तर चौघांच्या ओळीत तीनच माणसं. दोन वर्षं ती ओळ तिघांनी चालवली होती. आमची जागा भरली नव्हती. गुडघा कसा आहे, हे एकानंही विचारलं नाही.

आम्ही आठव्या वर्षी जे पाहिलं होतं ते त्या दिवशी अंगावर आलं. आबांच्या पायाखालचा तो खांदा. फरक एवढाच की ह्या वेळी पाय आमचा सुटला होता.

तुम्ही विचाराल, मग पाणी लागलं का बोअरला? नाही लागलं. आम्ही खोटं सांगणार नाही. वारीला गेलं की कर्ज फिटतं असं जो सांगेल त्याच्या नादाला लागू नका. बाग पुन्हा लावली नाही. बाजरी, मटकी, हुलगा केला, शेळ्या पाळल्या, दोघांनी मजुरी केली, आणि सहा वर्षांनी कर्ज फिटलं. पांडुरंगानं काय दिलं, तर सकाळी उठायचं बळ दिलं. ज्यानं रुसून दोन वर्षं काढली त्याला ह्याची किंमत कळते.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. २०२० आणि २०२१ ला माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आपण इथं गावात. पण आठवा, त्या दिवसांत आपल्या देवळात काय चाललं होतं? तोंडाला फडकं बांधून पाच-पाच माणसं, अंतर ठेवून, रोज ठरल्या वेळेला हरिपाठ. विणा एका गळ्यातनं दुसऱ्या गळ्यात जात होता, खाली ठेवला नव्हता. आपली चार माणसं त्या रोगानं गेली, त्यांच्या जागा आजही आपल्याला ठाऊक आहेत. बाळा, घाटात कावड थांबली होती, ती खाली आली नव्हती. तेव्हा तू बिनधास्त शंभर म्हण. आणि कुणी हट्टानं अठ्ठ्याण्णव म्हणालं तर भांडू नको. त्याला म्हण, चला, आणखी दोन वर्षं बरोबर चाला, म्हणजे तुमचेही शंभर होतील.

जाता जाता तरुण पोरांना दोन शब्द. तुम्ही जत्रेत पाळण्यात बसा. आबांनी आम्हाला पाळण्याबद्दल रागावलं नाही. उलट कसा होता म्हणून विचारलं. आनंद करणं पाप नाही. फक्त आईनं बांधून दिलेले चार आणे ज्या कामाचे त्या कामाला लावा. कुणाला नोकरीमुळं सगळी वारी जमत नसेल, त्यानं एक मुक्काम चालावं. एका मुक्कामाचा खांदाही खांदाच असतो.

आणि आमची सगळ्या दिंडीला एक विनंती. पुढं शंभर वर्षांत आमच्यासारखा कुणीतरी रुसेल, कुणी कर्जानं मोडेल, कुणी घरातल्या दुःखानं बसून राहील. त्याची ओळीतली जागा लगेच भरू नका. आला की विचारपूस करून लाजवू नका. नुसतं म्हणा, तुमची जागा पुढं आहे.

आम्ही दर चैत्रात शिंगणापूरला जातो आणि कापूर-बत्तासे देवापुढं ठेवतो. २०११ साली सरकारनं चार आणे बंद केले, पण आमचं देणं काही बंद झालेलं नाही. आता वीस रुपये लागतात. आणि खाली वाकून एकदा मुंगी घाटाकडं बघून येतो. तिथं अजून माणसाला माणूस धरून कावड वर येते.

 

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरि.